वाघूळ आणि धनेश : रत्नागिरीच्या मुलखातील दोन फळखाऊंचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यात फळांवर जगणाऱ्या मोठ्या उडत्या जीवांमध्ये दोन प्रमुख आहेत: वाघूळ आणि धनेश. वाघूळ म्हणजे मोठे फळखाऊ वटवाघूळ. त्याचे शास्त्रीय नाव टेरोपस मीडियस. जुन्या ग्रंथांत ते टेरोपस जायगँटियस या नावाने सापडते. येथे धनेश म्हणजे मलबारी कवड्या धनेश, शास्त्रीय नाव अँथ्राकोसेरॉस कोरोनॅटस. कोकणातील बऱ्याच गावांत त्याला गरुड किंवा ककणेर म्हणतात. वाघूळ सस्तन प्राणी आहे आणि रात्री चरते; धनेश पक्षी आहे आणि दिवसा चरतो. वड, पिंपळ आणि उंबराची फळे मात्र दोघांनाही लागतात, आणि खाल्लेल्या फळांच्या बिया दोघेही दूरवर नेऊन टाकतात. असे असूनही गेल्या दीडशे वर्षांत माणसाने दोघांना सारखे वागवले नाही. धनेशाला अभ्यासकांचे कौतुक आणि कायद्याचे संरक्षण मिळाले, तर वाघळावर पन्नास वर्षे उपद्रवी प्राण्याचा शिक्का राहिला.

किनारा आणि वरचा मुलूख

मांडवी हा रत्नागिरी शहराचा समुद्राकडचा भाग. त्याच्या उत्तरेस रत्नदुर्ग किल्ल्याचे भूशिर आहे आणि दक्षिणेस भाट्याची खाडी. किनाऱ्यावरची वाळू काळसर आहे. मागे माडाच्या बागा, त्यांच्या कडेने उंडी, वड आणि जुने आंबे, असा हा परिसर. सह्याद्रीत उगम पावून साखरपा, आंजणारी या गावांजवळून वाहत येणारी काजळी नदी भाट्याला समुद्रास मिळते. रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी आतल्या गावांचा माल नदीने आणि बैलगाड्यांनी बंदरावर येई आणि तेथून गलबतांनी व पुढे आगबोटींनी मुंबईस जाई. आंबा, नारळ, काजू, सुपारी आणि लाकूड यांची वाट हीच होती.

या दोन प्राण्यांची वाटणीही साधारण याच वाटेवर झालेली दिसते. वाघूळ किनाऱ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे आहे. एखादा मोठा वड, पिंपळ किंवा चिंच धरून त्याची वस्ती पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहते. अशी झाडे बहुधा गावात, देवळाच्या आवारात किंवा पाणवठ्याजवळ असतात. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातली मोठी ढोली लागते. त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर त्याचा मुक्काम क्वचित असतो. संगमेश्वर, चिपळूण, लांजा, राजापूर या तालुक्यांतील देवराया, नदीकाठचे राईचे पट्टे आणि गावाबाहेरचे जुने वृक्ष हे त्याचे खरे घर. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दाट रानात त्याच्याबरोबर त्याहून मोठा महाधनेशही आढळतो.

शास्त्रीय नोंदींचा काळ

दोघांचीही शास्त्रीय नावे जुनी आहेत. धनेशाचे वर्णन बोडार्ट याने १७८३ मध्ये केले आणि वाघळाचे टेमिंक याने १८२५ मध्ये. टी. सी. जर्डन या लष्करी डॉक्टरने १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवर आणि १८६७ मध्ये सस्तन प्राण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांमुळे इंग्रजी अंमलातील अधिकाऱ्यांना हे प्राणी ओळखण्याचे साधन मिळाले.

रत्नागिरीच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८८० मध्ये आली. मुलकी सेवेतील अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची ही यादी ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरचा खंडही निघाला. मीठ व जकात खात्यातील ई. एच. एटकेन यांची नेमणूकही काही काळ रत्नागिरीत होती. ‘इहा’ या टोपणनावाने लिहिणारे हे निसर्गलेखक १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही त्या आठांत होते.

धनेशाची प्रतिष्ठा वाढली ती याच संस्थेमुळे. १८९४ मध्ये कारवारहून महाधनेशाचे एक पिल्लू सोसायटीला भेट मिळाले. त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. मुंबईच्या कार्यालयात सव्वीस वर्षे राहून तो १९२० मध्ये मेला. पुढे धनेश हेच सोसायटीचे बोधचिन्ह झाले, कार्यालयाच्या इमारतीला ‘हॉर्नबिल हाउस’ नाव पडले आणि सोसायटीचे नियतकालिकही त्याच नावाने निघू लागले.

सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण सोसायटीने १९११ मध्ये हाती घेतले. त्यात वटवाघळांचे नमुने पुष्कळ जमले, पण लोकांच्या मनात वाघळाला जागा मिळाली नाही. दिवसा डोळ्यांना सुखावणारा आणि सहज मोजता येणारा पक्षी हौशी निरीक्षकांनी उचलून धरला. रात्री उडणाऱ्या आणि दिवसा उलटे लटकणाऱ्या प्राण्याबद्दलची माहिती संग्रहालयातल्या कप्प्यांतच राहिली.

खाण्याची रीत

दोघांच्या चरण्याच्या पद्धती पाहिल्या की त्यांच्या कामातला फरक कळतो. वाघळाच्या पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर आणि वजन दीड किलोपर्यंत भरते. कीटकभक्षी वटवाघळे प्रतिध्वनीवरून वाट काढतात. हे वाघूळ मोठ्या डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असते. दिवस मावळला की ते वस्तीचे झाड सोडते आणि एका रात्रीत कित्येक किलोमीटर फिरते. पिकलेले फळ दातात धरून बऱ्याचदा ते जवळच्या दुसऱ्या झाडावर नेते. तेथे लटकून फळ चावते, टाळूवर दाबून रस गिळते आणि चोथा थुंकून टाकते. वड-उंबरासारख्या फळांतील बारीक बिया रसाबरोबर पोटात जातात. त्याची पचनक्रिया जलद असते, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत त्या बिया विष्ठेतून, अनेकदा उडता उडताच, खाली पडतात. मोकळे माळ, पडीक वरकस, पडक्या भिंती आणि विहिरींचे कठडे येथे वडा-पिंपळाची रोपे उगवतात, त्यातला मोठा वाटा पक्ष्यांबरोबर वाघळांचाही असतो.

धनेशाची रीत निराळी. त्याची जीभ आखूड असते. लांब पिवळ्या चोचीच्या टोकाने तो फळ अलगद तोडतो, मान मागे टाकून फळ हवेत उडवतो आणि घशात घेतो. चावणे हा प्रकार नाही. मोठे फळ सालीसकट गिळले जाते, गर पचतो आणि मोठी बी काही वेळाने अखंड ओकून टाकली जाते. काजऱ्याच्या फळातील बी विषारी असते. पण धनेश काजऱ्याचे फळ खातो आणि बी न फोडता टाकून देतो. जी मोठी बी वाघळाला फार लांब नेता येत नाही, ती धनेश पोटात घालून दूर नेतो. उलट अगदी बारीक बिया उघड्या माळावर विखरण्याचे काम वाघूळ अधिक करते. धनेश बहुधा झाडावरून झाडावर जातो, त्यामुळे त्याच्या बिया रानातच किंवा रानाच्या काठाशी पडतात.

धनेशाच्या घरट्याखाली हे काम उघड दिसते. मार्चच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेचा गिलावा करून तोंड लिंपून घेते. चोचीचे टोक बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. सुमारे तीन महिने ती आत असते. नर दिवसभर फळे गोळा करतो, घशात साठवलेली फळे एकेक करून वर आणतो आणि फटीतून देतो. या काळात ढोलीखालच्या जमिनीवर टाकलेल्या बियांचा थर साचतो आणि पहिल्या पावसानंतर तेथे रोपांची दाटी दिसते. नर मारला गेला तर आतील मादी आणि पिल्ले उपाशी पडण्याचा धोका असतो. ढोलीचे झाड तोडले तर पुढच्या हंगामात त्या जोडीला घरटेच उरत नाही.

उंडी, काजू आणि आंबा

वाघळाचा किनाऱ्यावरच्या उद्योगांशी संबंध थेट आहे. सर्वांत जुना संबंध उंडीचा. उंडीचे फळ गोल असते, सुपारीपेक्षा थोडे मोठे. वर पातळ गराचा थर, आत कठीण कवच आणि कवचात तेलकट गाभा. वाघूळ वरचा गर कुरतडून खाते आणि गोटी टाकून देते. सकाळी वाघळांच्या खाण्याच्या झाडाखाली पाहिले तर स्वच्छ सोललेल्या गोट्यांचा सडा पडलेला असतो; काहींवर दातांचे ओरखडेही दिसतात. बिया वेचणाऱ्यांचे सोलण्याचे काम त्यामुळे आपोआप होते. या बियांचे घाण्यावर काढलेले कडू, हिरवट तेल दिव्यात जाळले जाई, सांधेदुखीवर चोळले जाई आणि होड्यांच्या लाकडाला लावले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल गावोगाव पोचले आणि दिव्यासाठी उंडीची गरज संपली. होड्यांसाठी आणि औषधासाठी तिचा वापर त्यानंतरही चालू राहिला.

उंडीचे फळ पाण्यावर तरंगते. समुद्र ते किनाऱ्या-किनाऱ्याने वाहून नेतो. किनाऱ्यापासून आत, परसात आणि बागांच्या बांधावर ते पोचते ते मुख्यतः वाघळामुळे.

काजू हा दुसरा संबंध. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले हे झाड कोकणात सर्वदूर पसरले. वाघूळ बोंड खाते आणि बी टाकते. बागेपासून दूर, एखाद्या मोठ्या झाडाखाली सापडणाऱ्या काजूच्या बिया बहुधा अशाच आलेल्या असतात. माळरानावर आपोआप उगवलेल्या काजूच्या झाडांमागेही वाघूळ असू शकते.

आंब्याच्या बाबतीत मात्र वाघूळ बदनाम झाले. पिकलेला रायवळ त्याला फार आवडतो आणि हंगामात रात्री झाडावर त्याचा कलकलाट चालतो. पण रत्नागिरीचा बाजार हापूसचा आहे. हापूस झाडावर पिकू देत नाहीत. साधारण चौदा आणे तयार झाला की तो झेल्याने उतरवतात आणि आढीत गवतात पिकवतात. म्हणून बाजाराच्या हापूसपैकी वाघळाच्या तोंडी लागतो तो उशिरा राहिलेला किंवा पाडाला आलेला. चिकू, पेरू, केळी अशी पिके झाडावर पिकू दिली तर नुकसान होते आणि तेथे जाळी लावावी लागते. बागायतदाराची तक्रार खोटी नाही, पण ती सगळ्या पिकांना सारखी लागू पडत नाही.

भंडारी समाजाच्या माडीच्या धंद्याशीही वाघळाचा संबंध येई. माडाला बांधलेल्या मडक्यातील ताजा रस रात्री वाघळे पितात, अशा नोंदी भारतात आणि श्रीलंकेत जुन्या काळापासून आहेत.

धनेशाचा बाजाराशी असा सरळ संबंध नव्हता. तो अलीकडे आला, तोही बेहड्यामुळे. संगमेश्वर तालुक्यात बेहड्याचे प्रचंड जुने वृक्ष आहेत आणि त्यांच्या ढोल्यांत धनेश घरटी करतात. हिरडा व बेहडा ही फळे आयुर्वेदिक औषधांसाठी विकली जातात. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या पुण्याच्या संस्थेने येथील फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिले. फळे गोळा करताना झाड न तोडणे आणि धनेशांसाठी काही फळे झाडावर राखणे, अशी शिस्त त्यात आहे. एरवी लाकडाच्या भावाने गेला असता असा बेहडा त्यामुळे उभा राहिला.

शिकार आणि औषध

दोघांच्याही शिकारीचे एक कारण समान आहे. वाघळाची चरबी संधिवातावर आणि दम्यावर, तर धनेशाची चरबी सांधेदुखीवर व बाळंतरोगांवर गुणकारी आहे, असा समज देशाच्या अनेक भागांत होता आणि काही ठिकाणी तो अजून आहे. मांसासाठीही दोघे मारले गेले. या औषधांना वैद्यकीय आधार मिळालेला नाही. दोघांचीही वाढ संथ असल्याने शिकारीचे नुकसान लवकर भरून येत नाही. वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि काही आठवडे ते पोटाशी धरून उडते. धनेशाची जोडीही वर्षातून एकदाच, दोन-तीन अंडी घालते.

श्रद्धेने मात्र काही ठिकाणी दोघांनाही राखले. देवराईतले लाकूड तोडायचे नाही, या रिवाजामुळे धनेशाच्या ढोल्या टिकल्या. देवळाजवळच्या वडावरील वाघळांच्या वस्तीलाही अनेक गावांत हात लावत नसत.

झाडांची तूट

दोघांवर खरे संकट आले ते जुनी झाडे गेल्यामुळे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल अत्यल्प आहे. बहुतेक रान खासगी मालकीचे. खोती पद्धतीत जमीन खोताच्या हाती होती. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर ती कुळांकडे आणि वारसांत विभागत गेली. एका खात्यात अनेक हिस्सेदार आले की उभे लाकूड विकून पैसा वाटून घेणे हा सोपा मार्ग होता. कोळसा, विटांच्या भट्ट्या, मुंबईचे जळण आणि आंब्याची खोकी यांसाठी झाडे गेली. हापूसच्या पेट्यांसाठी रायवळ आंब्याचे लाकूड वापरले जाई. म्हणजे एका आंब्याचा बाजार वाढला तसा दुसरा आंबा कमी झाला. ज्या रायवळाच्या फळावर वाघूळ जगते आणि ज्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो, तेच झाड त्यात सर्वाधिक खर्ची पडले. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि हा एक भार हलका झाला.

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने आंबा आणि काजूखालचे क्षेत्र झपाट्याने वाढले. या बागा शेतकऱ्यांना लाभल्या, पण त्यांसाठी अनेक ठिकाणी मिश्र रान साफ झाले. कलमी बागेत वाघळाला काही काळ खाणे मिळते. धनेशाला ढोली मिळत नाही. म्हणून झाडतोडीचा फटका धनेशाला अधिक बसला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मलबारी कवड्या धनेश ‘संकटसमीप’ गटात आहे, तर महाधनेश २०१८ पासून ‘असुरक्षित’ गटात गेला. वाघूळ त्या मानाने सर्वदूर आहे, पण वस्तीचे एक झाड गेले की शेकडो प्राणी एकदम बेघर होतात.

कायदा आणि भीती

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांना मिळालेल्या वागणुकीतला भेद पक्का केला. धनेशांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण मिळाले. फळखाऊ वटवाघळे पाचव्या अनुसूचीत गेली. त्या अनुसूचीत उंदीर, घुशी, कावळे असे उपद्रवी ठरवलेले प्राणी होते आणि त्यांना मारण्यास परवाना लागत नसे. निरनिराळ्या स्वभावांच्या फळखाऊ वटवाघळांना एकाच नावाखाली दोषी धरले गेले. अपवाद झाला तो सलीम अली वटवाघूळ या अतिदुर्मीळ जातीचा.

नंतर साथरोगांची भीती आली. १९९८-९९ मध्ये मलेशियात आणि पुढे भारतात सिलिगुडी व केरळमध्ये निपाह विषाणूचा प्रादुर्भाव झाला. त्याची नैसर्गिक वाहक टेरोपस प्रजातीची वाघळे असल्याचे स्पष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. ती वटवाघळे मात्र वेगळ्या, गुहेत राहणाऱ्या जातींची होती. याबाबतचा शास्त्रीय सल्ला साधा आहे: उष्टे फळ खाऊ नये, उघड्या मडक्यातील रस पिऊ नये आणि वस्तीला त्रास देऊ नये. वस्ती उधळली तर प्राणी विखुरतात आणि माणसांशी संपर्क वाढण्याची शक्यता असते. तरीही करोनाकाळात देशात काही ठिकाणी घाबरून वाघळांची झाडे तोडण्यात आली.

२०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने वाघूळ आता उंदराच्या रांगेतून बाहेर आले आहे.

हिशेब

दोघांची तुलना केली तर एकाचे काम दुसऱ्याला पूर्ण करता येत नाही. मोठ्या बियांच्या रानझाडांसाठी धनेश हवा. उघड्या जमिनीवर वड-उंबर पेरण्यासाठी, उंडी आत नेण्यासाठी आणि काटेसावरीसारख्या फुलांच्या परागीभवनासाठी वाघूळ हवे. धनेश गेला तर देवराईतील काही वृक्षांच्या बिया आईच्या सावलीतच पडून राहतील. वाघूळ गेले तर पडीक माळावर झाड परत येण्याचा वेग मंदावेल. दोघांची गरज एकाच ठिकाणी येऊन मिळते, ती म्हणजे जुना मोठा वृक्ष. जिल्ह्यातील बहुतेक झाडे खासगी मालकीची असल्याने त्यांचे रक्षण मुख्यतः वनखात्याच्या हाती नाही. बांधावरचा वड, परसातला रायवळ आणि देवराईतला बेहडा राखायचा की विकायचा, हे ठरवणारा त्या जमिनीचा मालक आहे.